मॅचिंग सेंटरचं टू-बाय-टू आर्ट क्विल्टसाठी कसं? रंगांना पैकीच्या पैकी, पण धुतल्याशिवाय कात्री लावू नका

भिंतीवर टांगण्यासाठी क्विल्ट (कापडाचे तुकडे जोडून, आत भरण घालून टाक्यांनी बांधलेली, गोधडीच्या जातीची कलाकृती) करणाऱ्या मुंबईतल्या माणसाला छापील कापडाची कधीच वाण पडत नाही. अडतं ते एकरंगी कापडापाशी. एकाच लालच्या सात छटा, राखाडीच्या गरम आणि थंड अशा दोन्ही बाजू, मोहरीपासून हळदीपर्यंतचे मधले टप्पे हे सगळं सुती कापडात, एका जागी आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरने हवं असतं. आयात केलेलं क्विल्टिंग कॉटन त्यासाठी उत्तम असतं, पण त्याच्या एका मीटरच्या पैशात ब्लाउजच्या टू-बाय-टूचे पाच-सहा मीटर सहज येतात. म्हणून हे परीक्षण टू-बाय-टू रुबियाचं: दादरच्या रानडे रोडपासून मंगळदास मार्केटपर्यंत मिळणारं, साडीला मॅचिंग म्हणून घेतलं जाणारं साधं ब्लाउजचं कापड.

निकाल आधीच सांगतो. गॅलरीतल्या प्रदर्शनासाठी हे कापड फार चांगलं आहे, रंगांच्या बाबतीत तर मुंबईत याला तोड नाही. संग्रहालयाच्या कायम संग्रहात जाईल अशा कामासाठी मात्र ते सरसकट वापरू नये, त्यातले रंग निवडून घ्यावे लागतात. आणि दोन्ही ठिकाणी अट एकच: कापड आधी तपासायचं, मग धुवायचं, मग कापायचं.

एकरंगी कापडाला एवढं महत्त्व का, हे क्विल्टच्या इतिहासातच दिसतं. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने अमेरिकन क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, तेव्हा पाहणाऱ्यांना भिडले ते त्यातले सपाट रंग आणि आकार. पुढे १९७९ मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावी ‘क्विल्ट नॅशनल’ सुरू झालं. ते सुरू करणाऱ्यांपैकी नॅन्सी क्रो यांचं काम बहुतांशी स्वतः रंगवलेल्या एकरंगी सुती कापडाचंच. सपाट रंगावर टाक्यांची सावली स्पष्ट पडते, छापील फुलापानांत ती हरवते. आर्ट क्विल्टमध्ये टाका ही रेघ असते, आणि रेघ दिसायची तर पार्श्वभूमी शांत हवी.

आता कापडाकडे. टू-बाय-टूमध्ये उभा आणि आडवा असे दोन्ही धागे दुपदरी, पीळ दिलेले असतात. दुपदरी धाग्याला लव कमी आणि जाडी एकसारखी, त्यामुळे कापडाचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि कापलेल्या कडेला सुतं कमी सुटतात. तुकडाजोड करताना हे लगेच जाणवतं. दुमडलेली कड धारदार बसते, म्हणून सुईने कड आत ढकलत केलेल्या ॲप्लिकेला (कापडावर कापडाचा आकार शिवण्याच्या कामाला) तर हे कापड केंब्रिक या साध्या विणीच्या सुती कापडापेक्षाही सरस. ३-४ मिलिमीटरची दुमड पुरते. दुकानात टू-बाय-वनही मिळतं, त्यात उभा धागा दुपदरी आणि आडवा एकपदरी असतो. ते अस्तराला ठीक, भिंतीवरच्या कामाला विरळ पडतं. विचारून घ्या आणि उजेडासमोर धरून बघा.

पन्हा बहुधा ३५-३६ इंच, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर. क्विल्टिंग कॉटनच्या ४४ इंची पन्ह्यावर आखलेली मापं इथे चालत नाहीत, हिशेब नव्याने करावा लागतो. तो पुढे दिला आहे.

खरेदी कुठे करायची ते किती रंग आणि किती मीटर हवेत त्यावर ठरवा. वीस-पंचवीस रंग अर्धा-अर्धा मीटर हवे असतील तर दादर, गिरगाव, ठाणे कुठलंही चांगलं मॅचिंग सेंटर पुरे, कारण तिथे कमी माप फाडून द्यायला कुणी कुरकुर करत नाही आणि शेडकार्ड समोर ठेवतात. पार्श्वभूमीला एकच रंग सहा-आठ मीटर हवा असेल, किंवा ताकाच (अख्खा तागा) घ्यायचा असेल, तर मंगळदास मार्केट गाठावं. क्रॉफर्ड मार्केटपासून चालत पाच मिनिटं. लोकलने सीएसएमटी किंवा मरीन लाइन्स, मेट्रो ३ ने काळबादेवी. रविवारी बाजार बंद. आतल्या गल्ल्या छपराखाली आहेत, दिवे पांढरे आणि प्रखर. त्या उजेडात रंग पसंत करू नका. गॅलरीतले स्पॉट (स्पॉटलाइट) बहुधा पिवळसर, ३००० केल्व्हिनच्या आसपासचे असतात. दुकानात जुळे वाटणारे दोन करडे त्या दिव्याखाली एक हिरवट आणि एक जांभळट निघू शकतात, कारण दोघांच्या रंगमिश्रणातली रसायनं वेगळी असतात. आधी प्रत्येक छटेचा बोटभर नमुना मागून आणा, घरी पिवळ्या एलईडीखाली आणि दिवसाच्या उजेडात असा दोन्हीकडे ताडून पाहा, नंतर मीटर घ्या.

एक गोष्ट सगळीकडे लागू: शेडनंबर तोच असला तरी ताका बदलला की रंगाची घाणी, म्हणजे एका वेळी रंगवलेली खेप, बदलते. पार्श्वभूमीचं कापड एकाच ताक्यातून, एकाच वेळी घ्या आणि अर्धा मीटर जास्त घ्या. नंतर ‘सेम शेड आहे’ म्हणून आणलेला तुकडा भिंतीवर चार फुटांवरून ओळखू येतो. ताक्याची घडी उलगडून मधली रेघही बघा. दुकानात बरेच दिवस राहिलेल्या मालाच्या घडीवर रंग उडालेला किंवा धूळ बसलेली असते, आणि ती रेघ धुतल्यावरही जात नाही. कापड कापून नको, फाडून मागा. फाडलेली कड धाग्याला धरून सरळ जाते. फक्त तिथला सेंटिमीटरभर भाग ताणलेला असतो, तो नंतर काढून टाका.

‘प्युअर कॉटन’ या शब्दावर विसंबू नये. टू-बाय-टूच्या नावाखाली पॉलिस्टर मिसळलेलं कापडही सर्रास विकलं जातं, आणि हाताला ते अधिक गुळगुळीत, अधिक ‘चांगलं’ लागतं. उभे दोन आणि आडवे दोन धागे काढून वेगवेगळे जाळा. मिश्रण एकाच दिशेला असू शकतं. कापूस पिवळ्या ज्योतीने जळतो, जळत्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला टणक काळा मणी धरतं. मिश्र धाग्यात राखेतच चुरचुरीत खडा लागतो. हे तपासायचं कारण शुद्धतेचा हट्ट नाही. क्विल्टमध्ये जोड सपाट बसवायला कडक, वाफेची इस्त्री लागते. सुती तुकडा त्या तापाला सपाट होतो, शेजारचा मिश्र तुकडा किंचित आकसतो आणि जोडावर कायमची चुणी पडते. ती नंतर कशानेच निघत नाही.

नव्या कापडाला खळ असते. ती ठेवून कापणी सोपी जाते, हे खरं आहे. पण मुंबईच्या हवेत खळ म्हणजे कसरीला आमंत्रण, आणि दमट कपाटात बुरशीलाही खाद्य. खळीखाली रंगाचा कच्चेपणाही झाकला जातो. कापणीला कडकपणा हवाच असेल तर खळ काढा, काम करा, इस्त्रीच्या वेळी हलका स्टार्च फवारा, आणि क्विल्ट पुरी झाल्यावर तो धुऊन टाका. शेवटी धुता येणार नसेल तर स्टार्च मुळात वापरूच नका.

आता रंग. टू-बाय-टूची खरी परीक्षा इथेच होते. लाल, मरून, राणी, नेव्ही, बॉटल ग्रीन आणि काळा हे सहा रंग जाणारच असं धरून चालावं. आपल्या गोधडीत ही अडचण फारशी येत नाही, कारण तिच्यात जुनी लुगडी, साड्या, धोतरं जातात. वर्षानुवर्षं धुऊन जायचा तो रंग त्यातून केव्हाच गेलेला असतो. नव्या ब्लाउजपीसचं तसं नसतं. ते एकटं धुतलं जाईल, आणि अंगातल्या ब्लाउजचा थोडा रंग गेला तर कुणी हटकणार नाही, या हिशेबानेच बाजारात आलेलं असतं. क्विल्टमध्ये मात्र मरूनला चिकटून पांढरा असतो.

रंग दोन कारणांनी जातो आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. रिॲक्टिव्ह रंग कापसाच्या तंतूशी रासायनिक बंध जोडतो. मात्र रंगवताना त्यातला काही भाग पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो आणि तंतूत नुसता अडकून राहतो. गिरणीत शेवटची गरम धुलाई कमी झाली की हा अडकलेला भाग आपल्या घरात सुटतो. तो काढून टाकला की उरलेला रंग पक्का असतो. डायरेक्ट रंगाचा असा बंधच नसतो. तो तंतूला धरून असतो आणि प्रत्येक गरम पाण्यात थोडा थोडा सुटत राहतो.

कुठला आहे ते ओळखायला प्रत्येक गडद रंगाचा १० सेंटिमीटरचा चौकोन घ्या. काचेच्या पेल्यात हाताला सोसणार नाही इतकं गरम पाणी, थेंबभर सौम्य द्रव साबण, चौकोन आणि त्याच्यासोबत पांढऱ्या मलमलचा तुकडा अर्धा तास ठेवा. मग दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबून तसेच वाळवा. हे दाबून वाळवणं महत्त्वाचं आहे, कारण ओल्या कापडातून रंग वाळताना सरकतो. हेच तीनदा करा, प्रत्येक वेळी मलमल नवी. तिसऱ्या वेळी पाणी जवळजवळ स्वच्छ आणि मलमल पांढरी असेल तर कापड धुऊन वापरण्याजोगं आहे. तिसऱ्या वेळीही पहिल्याइतकंच पाणी रंगलं तर तो डायरेक्ट रंग समजा आणि पांढऱ्याच्या, पिवळ्याच्या शेजारी त्याला बसवू नका. कॅटायनिक फिक्सरने (रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या रसायनाने) तो बराच थांबतो, पण फिक्सरने काही रंगांची छटा बदलते आणि उजेडातला टिकाऊपणा घटू शकतो.

मिठाचं पाणी, व्हिनेगर, तुरटी हे घरोघरचे उपाय इथे उपयोगी नाहीत. रंगाच्या भांड्यात मीठ घालतात ते रंग पाण्यातून कापडाकडे ढकलायला. मिठाच्या पाण्यात कापड भिजवलं की रंग त्या वेळेपुरता सुटत नाही, पाणी स्वच्छ दिसतं आणि समाधान होतं. पुढच्या साध्या पाण्यात तोच रंग बाहेर येतो.

खरी धुलाई अशी. स्टीलचं मोठं पातेलं, एका मीटरला किमान ५ लिटर पाणी, चमचाभर सौम्य द्रव साबण. नीळ, व्हाइटनर किंवा चमक देणारी पावडर नको. फिक्या छटा त्याने निळसर होतात. पाणी उकळीच्या जरा खाली ठेवून कापड १५ मिनिटं हलवत राहा आणि गरम असतानाच बाहेर काढा. पातेल्यातच गार होऊ दिलं तर सुटलेला रंग पुन्हा कापडावर बसतो आणि डाग पडतात. पाणी बदलून हेच तीन-चार वेळा, नंतर गार पाण्याने खळबळून काढा. मोरपंखीला आणखी दोन वेळा जास्त लागतात, त्या रंगाचा रेणू मोठा असतो आणि तो लवकर निघत नाही. मुंबईच्या तलावांचं नळाचं पाणी मृदू आहे, ही या कामात मोठी सोय आहे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर साबण नीट चालत नाही आणि रंग सुटायला वेळ लागतो. धुण्याआधी कापडाचे चारही कोपरे तिरके दोन सेंटिमीटर कापा, म्हणजे सुतांचा गुंता होत नाही. सावलीत, घडी न घालता वाळवा आणि किंचित ओलसर असताना उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. तिरकी इस्त्री केली की चौकोन चौकोन राहत नाहीत.

पावसाळ्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. क्विल्ट कधी धुतलीच जाणार नाही, म्हणून रंगाची चिंता नाही, असं मानणं मुंबईत महागात पडतं. जून ते सप्टेंबरमध्ये हवेतली आर्द्रता कित्येकदा सलग काही दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते. गुंडाळून ठेवलेल्या क्विल्टमध्ये गडद तुकडा फिक्यावर दाबला गेला तर पाण्याचा थेंब न लागताही रंग सरकू शकतो.

आता माप. धुतल्यावर मीटरमागे साधारण २ ते ४ सेंटिमीटर जातात. ८० सेंटिमीटरचा ब्लाउजपीस घेतला, आटून ७८ बाय ८८ राहिला, दोन्ही किनारी सेंटिमीटरभर काढल्या, तर हातात ७८ बाय ८६ येतं. तयार ५ सेंटिमीटरचा चौकोन हवा तर ६ मिलिमीटरच्या शिवणीसह ६.२ सेंटिमीटरचा कापावा लागतो; असे १५६ चौकोन त्यात बसतात. चौकोन लहान होत गेला की कापड शिवणीत किती जातं याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ५ सेंटिमीटरच्या चौकोनाला तयार क्षेत्रफळाच्या दीडपट कापड लागतं, २ सेंटिमीटरच्या चौकोनाला अडीचपटीहून जास्त. १२० बाय १५० सेंटिमीटरच्या कामाला वीस रंग अर्धा-अर्धा मीटर घेतले तर लहान तुकड्यांनाही पुरून उरतं. पाठीला चारी बाजूंनी १० सेंटिमीटर सोडून १४० बाय १७० लागतं. ९० पन्ह्यात ते एकसंध निघत नाही, आटण्यासह ३.६ मीटर घेऊन मधे एक उभा जोड द्या.

शिवताना सुई बारीक हवी: ९ किंवा फार तर ११ नंबर. दर्जी ब्लाउजला सर्रास १४ नंबर लावतात. या घट्ट विणीत १४ नंबरची सुई धागा बाजूला सारण्याऐवजी तोडते आणि टाका उसवला की भोकांची रांग उरते. टाक्याची लांबी २.२ ते २.४ मिलिमीटर ठेवा. आणखी एक गोष्ट, कापडाला मर्सराइज केल्याची (कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया दिल्याची) चमक असते. उभा धागा आणि आडवा धागा स्पॉटखाली वेगवेगळे चमकतात, म्हणून एकाच कापडाचे दोन तुकडे काटकोनात फिरवून लावले तर दोन छटा दिसतात. ते हवं असेल तर सुंदरच, नको असेल तर उलट्या बाजूला खडूने उभ्या धाग्याचा बाण काढून ठेवा.

फिक्या रंगांत हे कापड पारदर्शक आहे, आणि हा त्याचा सर्वांत मोठा दोष. पांढरा, मोती, पिस्ता यांच्याखालून गडद तुकड्याची शिवण आरपार दिसते. शिवण नेहमी गडद बाजूला वळवा, गडद कड फिक्या कडेपेक्षा २ मिलिमीटर आत कापा. तेवढ्याने भागलं नाही तर फिक्या तुकड्याच्या मागे मलमलचा थर लावा. फ्यूजिंग किंवा बकरम चिकटवून हा प्रश्न चटकन सुटतो खरा, पण त्यातला डिंक काळाने पिवळा पडतो आणि संग्रहालयांना असं चिकटवलेलं काम नकोसं असतं. याच कारणाने आत भरायला गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस नको. त्यातली सरकीची बारीक टरफलं फिक्या टू-बाय-टूखालून ठिपक्यांसारखी दिसतात आणि तो एकसंध नसल्याने टाके दोन बोटांपेक्षा दूर गेले की टांगल्यावर खाली सरकतो. भरणासाठी मिळणारी नीडल-पंच केलेली, म्हणजे सुयांनी टोचून एकसंध केलेली, कापसाची चादर घ्या.

उजेडात काय होतं, ते आकड्यांनीच बघा. संग्रहालयात कापडावर ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवण्याचा प्रघात आहे. रोज ८ तास, ९० दिवस धरले तर मात्रा ३६,००० लक्स-तास. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन आठवड्याचं, वेळ ११ ते ७. स्पॉटचा उजेड ३०० लक्स धरला तरी १६,८०० होतात. आणि दक्षिणेच्या खिडकीजवळ दिवसाचे सहा तास १०,००० लक्स पडले तर एका दिवसात ६०,०००, त्यात अतिनील किरण वेगळे. गॅलरीतल्या आठवड्यापेक्षा खरेदीदाराच्या हॉलमधली खिडकी या कापडाला कितीतरी जास्त धोकादायक आहे, हे विकताना स्पष्ट सांगायलाच हवं.

कुठला रंग किती टिकतो हे शेडकार्ड सांगत नाही. ऑक्टोबर ते मे या काळात प्रत्येक छटेची पट्टी अर्धी ॲल्युमिनियम फॉइलने झाकून खिडकीच्या काचेवर महिनाभर चिकटवा, शेजारी ब्लू वूल स्केलचं कार्ड (रंग किती उडाला हे ताडायच्या प्रमाणित निळ्या लोकरी पट्ट्या) लावा. पावसाळ्यात ही चाचणी फसवी ठरते. फ्लुरोसंट छटा सर्वांत आधी जातात, त्या घेऊच नयेत. राणी, लव्हेंडर आणि एकूणच फिक्या छटा त्यांच्या गडद भावंडांपेक्षा लवकर उडतात. मोरपंखी, धुवायला जिकिरीचा असला तरी, उजेडात चांगला टिकतो. संग्रहालयासाठीच्या कामात या चाचणीतून न उतरलेल्या छटेची जागा व्हॅट रंगाच्या (पक्क्या समजल्या जाणाऱ्या रंगप्रकाराच्या) केंब्रिकने किंवा स्वतः रंगवलेल्या कापडाने भरावी. केंब्रिक घेताना ६०-६० सुताचं, ९२-८८ विणीचं (इंचाला ९२ उभे आणि ८८ आडवे धागे) मागा. टू-बाय-टूच्या शेजारी त्याचं वजन जुळतं आणि जोड ओढला जात नाही.

टांगण्याबाबत थोडक्यात. कापड हलकं असल्याने काम भिंतीवर लाटा धरतं, विशेषतः मध्ये दाट आणि कडेला विरळ टाके असतील तर खालची कड झालरीसारखी फुगते. कडेपर्यंत टाक्यांची घनता सारखी ठेवा आणि मोठ्या तुकड्यांचा उभा धागा उभाच ठेवा. ओलं करून ताणून सपाट करायचं तर वरची रंगचाचणी उत्तीर्ण झालेली हवी. मागची खोळ १० सेंटिमीटर रुंद, पट्टीला जागा देणारी किंचित सैल, दोन्ही कडांपासून २ सेंटिमीटर आत, पाठ आणि भरण दोन्ही पकडत हाताने शिवलेली. आत २५ बाय ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियम पट्टी घाला. कच्च्या लाकडाचे डाग पावसाळ्यात कापडात उतरतात.

प्रत्येक छटेचा १० सेंटिमीटरचा न वापरलेला तुकडा, त्यावर दुकान, शेडनंबर, खरेदीची तारीख, किती धुलाया दिल्या आणि फिक्सर लावला का, एवढं पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाचून क्विल्टसोबत द्या. तुकडे अंधारात, सुट्या मलमलमध्ये ठेवायचे. वीस वर्षांनी एखादा जोड दुरुस्त करायची वेळ आली तर संवर्धकाला मूळ रंग कसा होता आणि पाणी लावलं तर चालेल का, हे या तुकड्यांवरून ठरवता येतं.